४,२९,४९,६७,२९७ : या संख्येबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणितज्ञ फर्माने मूळ मानलेली आणि गणितज्ञ ऑयलरने अवयवांत फोडलेली ही संख्या शाळेतल्या मुलांपासून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपर्यंत अनेकांच्या वाटेत येते, आणि मग तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत, सोपे आधी आणि अवघड नंतर. घातासाठी ^ हे चिन्ह वापरलं आहे, म्हणजे २^३ = ८. कागद-पेन्सिल जवळ ठेवा. इथली बहुतेक आकडेमोड हाताने होते, आणि स्वतः करून पाहिल्याशिवाय या संख्येची खरी गोडी कळत नाही.

१. ही संख्या वाचायची कशी, आणि ती येते कुठून?

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. २ चा ३२वा घात घेऊन त्यात १ मिळवला की ती मिळते. दुसऱ्या शब्दांत, ६५,५३६ चा वर्ग अधिक १, कारण २^१६ = ६५,५३६. द्विमान पद्धतीत लिहिली तर सुरुवातीला १, मग एकतीस शून्यं आणि शेवटी पुन्हा १.

२. तिला पाचवी फर्मा संख्या म्हणतात, पण यादीत मोजली तर ती सहावी येते. हे कसं?

मोजणी शून्यापासून होते म्हणून. फर्मा संख्या म्हणजे २ चा एखादा घात अधिक १, आणि त्यातला घातांक स्वतःच २ चा घात असतो: १, २, ४, ८, १६, ३२. त्यावरून ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि आपली संख्या अशी यादी तयार होते. ३२ = २^५, म्हणून तिचा क्रमांक ५.

३. घात ३२च का? २^३१ + १ किंवा २^३३ + १ का घेत नाहीत?

घातात १ सोडून दुसरा कोणताही विषम अवयव असला की ती संख्या मूळ राहूच शकत नाही. ३३ = ३ × ११ आहे, म्हणून २^३३ + १ ला २^११ + १, म्हणजे २,०४९ ने भाग जातो. ३१ विषम आहे, म्हणून २^३१ + १ ला थेट ३ ने भाग जातो. विषम अवयव मुळीच नसलेले घात म्हणजे १, २, ४, ८, १६, ३२... एवढेच. मूळ संख्येची आशा फक्त त्यांच्याकडूनच ठेवता येते. आशा ठेवता येते, खात्री नाही. फर्मा नेमका इथेच फसला (प्रश्न ६).

४. मग ही संख्या मूळ आहे की संयुक्त?

संयुक्त. ४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७, आणि हे दोन्ही अवयव मूळ आहेत. पडताळायला सोपं आहे: ६७,००,४१७ ला ६०० ने गुणा, ४,०२,०२,५०,२०० येतात. ४१ ने गुणा, २७,४७,१७,०९७ येतात. दोन्हींची बेरीज करा.

५. शाळेतल्या विभाज्यतेच्या कसोट्या लावल्या तर काय दिसतं?

काहीच सापडत नाही. एकक स्थानी ७ आहे, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९ येते, म्हणजे ३ आणि ९ बाद. गंमत अशी की ७, ९ आणि ११ या तिघांनी भागलं तरी बाकी ५ च उरते. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ यांनी भागलं तर बाकी नेहमी २. ही दुसरी गोष्ट योगायोग नाही, तिचं कारण प्रश्न १६ मध्ये आहे.

६. फर्मासारख्या गणितज्ञाची चूक झाली तरी कशी?

पिएर द फर्माने १६४० च्या सुमारास पत्रांमधून आपला विश्वास मांडला की या यादीतल्या सगळ्याच संख्या मूळ असतात. पहिल्या पाच खरोखरच मूळ आहेत. आपल्याकडे पक्की सिद्धता नाही हेही त्याने तेव्हा लिहिलं होतं, म्हणून याला अंदाज म्हणणंच न्याय्य. तरीही एक गोष्ट मनात खटकत राहते. त्याच वर्षी त्याने २^३७ − १ ला २२३ ने भाग जातो हे शोधून काढलं, तेही विभाजक कोणत्या साच्यातले असू शकतात हे आधी ठरवून. तोच विचार इथे लावला असता तर ६४१ काही मिनिटांत हाती आला असता (प्रश्न ७). साधा क्रमाने भागाकार केला असता तरी ६४१ ही ११६वी मूळ संख्या आहे, म्हणजे ११६वा भागाकार बाकी न ठेवता सुटला असता. एका हिशोबी माणसाच्या दोन-चार दिवसांचं ते काम.

क्रिस्तियान गोल्डबाखने १७२९ मध्ये पत्रातून हा दावा लेओनहार्ड ऑयलरच्या नजरेस आणला आणि १७३२ मध्ये ऑयलरने ६४१ पुढे ठेवला.

७. ऑयलरला नेमका ६४१ कसा सापडला? नशिबाने?

नाही. माझ्या मते या संख्येबद्दलची सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे: विभाजक शोधावा लागत नाही, संख्येचा आकारच तो कुठे असेल ते सांगतो.

समजा प ही मूळ संख्या आपल्या संख्येला भागते. म्हणजे २^३२ ला प ने भागल्यावर बाकी −१ (म्हणजेच प − १) येते. वर्ग केला की २^६४ ची बाकी १. आता २ चा कोणता सर्वांत लहान घात बाकी १ देतो? तो घात ६४ चा विभाजक असलाच पाहिजे. पण ३२ किंवा ३२ चा कोणताही विभाजक तो असू शकत नाही, कारण तसं असतं तर २^३२ ची बाकी १ आली असती, −१ नव्हे. म्हणून तो घात ६४ च. फर्माचा छोटा सिद्धांत सांगतो की २^(प − १) ची बाकीही १ असते, म्हणजे ६४ ने प − १ ला भाग जातो. निष्कर्ष: प = ६४क + १.

या साच्यातल्या संख्या लिहू: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतल्या मूळ फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. दहा अंकी संख्येचा भागाकारही करायची गरज नाही, वर्ग करत बाकी घेत जायचं. पहिल्या चार मूळ संख्यांसाठी बाकी अनुक्रमे १०९, २, ३२५ आणि २८८ येते. ६४१ साठी: २^१६ = ६५,५३६ ला ६४१ ने भागल्यावर बाकी १५४. १५४ चा वर्ग २३,७१६, आणि ६४१ × ३७ = २३,७१७. एकाने कमी! म्हणजे २^३२ ची बाकी −१, त्यात १ मिळवला की शून्य. पाचव्या प्रयत्नात काम फत्ते.

पुढे एदुआर ल्युकाने १८७८ मध्ये हा साचा आणखी आवळला: प = १२८क + १ असावीच लागते. कारण प ला ८ ने भागल्यावर बाकी १ येत असेल, तर अशी एखादी संख्या सापडते जिच्या वर्गाची प ने भागून बाकी २ येते. मग वरचाच युक्तिवाद ६४ ऐवजी १२८ साठी चालतो. या साच्यात ६४१ पर्यंत १२९, २५७, ३८५, ५१३ आणि ६४१ एवढ्याच संख्या येतात. १२९, ३८५ आणि ५१३ संयुक्त आहेत, २५७ ने बाकी २ उरते हे प्रश्न १६ वरून आपोआप कळतं. म्हणजे तपासण्याजोगी पहिली संख्याच ६४१!

८. भागाकार अजिबात न करता ६४१ ने भाग जातो हे दाखवता येईल का?

येईल, आणि ही सिद्धता पाठ करून ठेवावी इतकी सुंदर आहे. ६४१ दोन प्रकारे लिहा:

६४१ = ५ × २^७ + १
६४१ = ५^४ + २^४

पहिल्या ओळीवरून, ६४१ ने भागताना ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्या ओळीवरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येतो. मग −२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ची बाकी ०. संपलं.

९. ६७,००,४१७ मूळ आहे हे कशावरून? तेवढ्यासाठी तरी संगणक लागेलच ना?

नाही लागत. ही संख्या संयुक्त असती तर तिचा एखादा मूळ विभाजक तिच्या वर्गमुळापेक्षा, म्हणजे सुमारे २,५८८ पेक्षा, मोठा नसता. तो आपल्या सुरुवातीच्या दहा अंकी संख्येलाही भागला असता, म्हणून तोही १२८क + १ या साच्यातलाच असायला हवा (प्रश्न ७). २,५८८ पर्यंत या साच्यातल्या वीस संख्या आहेत आणि त्यांतल्या मूळ फक्त पाच: २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. ६७,००,४१७ ला त्यांनी भागलं तर बाकी अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२ येते. एकदाही शून्य नाही. पाच भागाकारांत सात अंकी संख्या मूळ ठरली.

१०. ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून किती प्रकारे लिहिता येते?

क्रम आणि चिन्हं सोडली तर बरोबर दोन प्रकारे. पहिला प्रकार व्याख्येतच दिसतो:

६५,५३६^२ + १^२

दुसरा कोणाच्या सहज लक्षात येत नाही:

६२,२६४^२ + २०,४४९^२

हे वर्ग ३,८७,६८,०५,६९६ आणि ४१,८१,६१,६०१ आहेत, बेरीज करून पाहा. ज्या मूळ संख्येला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, ती दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच प्रकारे लिहिता येते. म्हणजे दुसरी मांडणी सापडली तिथेच ही संख्या मूळ नाही हे सिद्ध झालं, अवयव माहीत नसतानाही.

११. त्या दोन मांडण्यांवरून अवयव काढता येतात का?

हो, ही ऑयलरचीच रीत. सम संख्यांची वजाबाकी आणि बेरीज करा: ६५,५३६ − ६२,२६४ = ३,२७२ आणि ६५,५३६ + ६२,२६४ = १,२७,८००. तसंच विषम संख्यांचं: २०,४४९ − १ = २०,४४८ आणि २०,४४९ + १ = २०,४५०.

३,२७२ आणि २०,४४८ यांचा मसावि ८. १,२७,८०० आणि २०,४५० यांचा मसावि ५०. दोन्ही मसाविंची निमपट घ्या, ४ आणि २५. त्यांच्या वर्गांची बेरीज १६ + ६२५ = ६४१. पहिला अवयव मिळाला. दुसऱ्यासाठी पहिल्या जोडीला ८ ने भागा: ४०९ आणि २,५५६. त्यांच्या वर्गांची बेरीज १,६७,२८१ + ६५,३३,१३६ = ६७,००,४१७. संबंध पद्धतीत मसावि काढण्यापलीकडे काही नाही, आणि उत्तर मात्र अगदी नेमकं.

१२. फर्माची स्वतःची अवयव काढण्याची पद्धत इथे चालली असती का?

तत्त्वतः हो, प्रत्यक्षात नाही. त्या पद्धतीत संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत मांडायची असते आणि शोध वर्गमुळाच्या लगेच वरून, म्हणजे इथे ६५,५३७ पासून, सुरू होतो. हवी असलेली मांडणी आहे ३३,५०,५२९^२ − ३३,४९,८८८^२. तिथे पोहोचायला ३२ लाखांहून जास्त पायऱ्या लागतात. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तेव्हाच ही पद्धत झटपट चालते. इथे एक अवयव तीन अंकी आणि दुसरा सात अंकी.

१३. तिचे विभाजक किती? ती परिपूर्ण संख्या आहे का?

विभाजक चार: १, ६४१, ६७,००,४१७ आणि ती स्वतः. स्वतःला वगळून बेरीज ६७,०१,०५९, म्हणजे परिपूर्ण असण्यापासून फारच दूर. तिच्यापेक्षा लहान आणि तिच्याशी १ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या संख्या ६४० × ६७,००,४१६ = ४,२८,८२,६६,२४० इतक्या आहेत.

१४. ती पूर्ण वर्ग किंवा त्रिकोणी संख्या आहे का?

दोन्ही नाही. पूर्ण वर्गाच्या एकक स्थानी ७ कधीच येत नाही. त्रिकोणी संख्येला ८ ने गुणून १ मिळवला की पूर्ण वर्ग यावा लागतो. इथे तसं केल्यावरही एकक स्थानी ७ च येतो.

१५. माझा प्रोग्रॅम या संख्येला 'बहुधा मूळ' म्हणतो. तो चुकलाय का?

प्रोग्रॅम ठीक असेल, कसोटी अपुरी आहे. बहुधा तुम्ही फक्त २ हा पाया घेऊन तपासत आहात, म्हणजे २ चा 'संख्या वजा एक' इतका घात त्या संख्येने भागल्यावर बाकी १ देतो का एवढंच पाहत आहात. २^३२ ची बाकी −१, म्हणून २^६४ ची बाकी १. संख्येतून एक वजा केला की उरतो २^३२, आणि त्याला ६४ ने पूर्ण भाग जातो. त्यामुळे पाया २ ची कसोटी ही संख्या आपोआप पार करते. हे सगळ्याच फर्मा संख्यांना लागू आहे, म्हणून त्यांच्यासाठी पाया २ निरुपयोगी.

पाया ३ घ्या. तेओफील पेपाँने १८७७ मध्ये दिलेली कसोटी अशी: ३ पेक्षा मोठी कोणतीही फर्मा संख्या मूळ असेल तर, आणि तरच, ३ चा 'संख्या वजा एकच्या निम्मा' घात बाकी −१ देतो. इथे ३ चा ३१ वेळा वर्ग करत जायचं आणि दर वेळी बाकी घ्यायची. शेवटी १,०३,२४,३०३ उरतात. −१ साठी ४,२९,४९,६७,२९६ उरायला हवे होते. आणखी एकदा वर्ग केला तर ३,०२,९०,२६,१६० येतात, मूळ असती तर १ आला असता. अवयव न सांगताही ही कसोटी ठाम निकाल देते.

१६. ४,२९,४९,६७,२९५ आणि ही संख्या यांची गल्लत होते. दोघींचा संबंध काय?

२९५ ने संपणारी संख्या म्हणजे २^३२ − १. तिचे अवयव फार देखणे आहेत: ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७, म्हणजे आधीच्या पाचही फर्मा संख्यांचा गुणाकार. आपली संख्या या गुणाकाराहून बरोबर २ ने मोठी. म्हणूनच त्या पाचांपैकी कोणीही भागलं तरी बाकी २ उरते, आणि सगळ्या फर्मा संख्या एकमेकींशी सहमूळ (१ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या) ठरतात.

१७. प्रोग्रॅममध्ये ही संख्या साठवली की १ दिसतो. का?

बिनचिन्ह ३२ बिटांत ० पासून ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतच मावतं. आपल्या संख्येला ३३ बिट लागतात. वरचा बिट गळतो आणि १ उरतो. ६४ बिटांचा प्रकार वापरा.

या गळतीचा एक चांगला उपयोगही होतो. ३२ बिटांत ६४१ × ६७,००,४१७ चं उत्तर १ येतं, म्हणजे तिथे हे दोघे एकमेकांचे गुणाकार व्यस्त आहेत. शिवाय ३२ बिटांत मावणाऱ्या कोणत्याही संख्येला ६४१ ने भागायचं असेल तर तिला ६७,००,४१७ ने गुणून (गुणाकार ६४ बिटांत) खालचे ३२ बिट टाकून द्यावेत, पूर्णांकी भागाकार अचूक मिळतो. यात होणारी वाढ १/६४१ पेक्षा कमी असते, म्हणून उत्तर कधीच ढळत नाही.

१८. इतक्या बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी आणि कंपासने काढता येतो का?

तत्त्वतःही नाही. गाउसने १७९६ मध्ये १७ बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो हे दाखवलं, आणि १८३७ मध्ये वान्त्सेलने नियमाची दुसरी बाजू सिद्ध केली: बाजूंच्या संख्येचे विषम मूळ अवयव फक्त फर्मा मूळ संख्या असावेत आणि प्रत्येक एकदाच यावा. ६४१ ही फर्मा संख्या नाही, म्हणून आपली संख्या बाद. दोन बाजू कमी केल्या, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ घेतल्या, तर मात्र तत्त्वतः काढता येतो (अवयव प्रश्न १६ मध्ये आहेत). माहीत असलेल्या पाच फर्मा मूळ संख्यांपासून बनणारी ही सर्वांत मोठी विषम बाजूसंख्या.

१९. या संख्येच्या सर्वांत जवळच्या मूळ संख्या कोणत्या?

खालच्या बाजूला ४,२९,४९,६७,२९१ आणि वरच्या बाजूला ४,२९,४९,६७,३११. मधल्या एकोणीसही संख्या संयुक्त आहेत.

२०. पुढच्या फर्मा संख्यांचं काय? एखादी तरी मूळ निघाली का?

६५,५३७ नंतर एकही नाही. सहाव्या क्रमांकाची, म्हणजे २^६४ + १, लाँद्रीने १८८० मध्ये वयाच्या ८२ व्या वर्षी फोडली: २,७४,१७७ × ६,७२,८०,४२,१३,१०,७२१. सातवी १९७० मध्ये, आठवी १९८० मध्ये फुटली. क्रमांक ५ पासून ३२ पर्यंतच्या सगळ्या संयुक्त आहेत हे माहीत आहे. पण विसावी आणि चोविसावी संयुक्त असल्याचं सिद्ध होऊनही त्यांचा एकही अवयव अजून हाती लागलेला नाही. तेहतिसाव्या क्रमांकाची मूळ की संयुक्त, हेच अजून ठरायचं आहे.